दोन मिनिटांच्या शांततेनंतर

देशावर मोठे संकट कोसळले की शाळेत प्रार्थनेनंतर मुलांना दोन मिनिटे स्तब्ध उभे करण्यात येते. मुख्याध्यापक चार गंभीर शब्द बोलतात, घंटा होते आणि पहिला तास सुरू होतो. मोठ्यांच्या दृष्टीने कर्तव्य पार पडलेले असते. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या मनात मात्र प्रश्न तेथूनच सुरू होतात. सगळे गप्प का झाले? कोण मेले? मारणारे आपल्या घरीही येतील काय? ह्या प्रश्नांसाठी आपल्या शाळांच्या वेळापत्रकात जागा नाही, आणि ती असावी एवढेच येथे सांगावयाचे आहे.

22 एप्रिल 2025 रोजी काश्मीरात पहलगामजवळ बैसरनच्या कुरणावर 26 निरपराध माणसे मारली गेली. त्यांत सहा जण महाराष्ट्रातले होते आणि एक आपल्या इंदूरचा रहिवासी होता. पुढे 7 मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला आणि त्या संध्याकाळी इंदुरातही ठरल्या वेळी काही मिनिटे दिवे मालवण्यात आले. शहराच्या विजेचा कारभार पाहणाऱ्या कंपनीचे मुख्य कार्यालय पोलोग्राउंडवर आहे. त्याच्या आसपास कारखाने आहेत. तेथे राबणाऱ्या कामगाराच्या घरी त्या संध्याकाळी काय झाले असेल, ह्याची कल्पना करून पाहावी. ज्या मुलाला आईने दुपारीच सांगितले असेल की, ‘आज थोडा वेळ आपण दिवे बंद करून बसायचे, मग पुन्हा लावायचे,’ त्याला तो लपंडाव वाटला असेल. ज्याला कोणी काहीच सांगितले नसेल, त्याच्यापुरते त्या काही मिनिटांत युद्धच सुरू झाले असेल. अंधार दोघांनाही सारखाच होता.

‘मुले लहान आहेत, त्यांना कशाला सांगावयाचे?’ असे पुष्कळ पालक म्हणतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण वडिलांच्या हातातल्या फोनवर मुलाने ते सारे आधीच पाहिलेले असते. 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमध्ये इमारती कोसळल्या, तेव्हा दूरदर्शनवर तेच दृश्य पुन:पुन्हा पाहून काही लहान मुलांना वाटले की, दर वेळी नवीनच इमारत पडते आहे. तेव्हा चित्रे बंद करावीत आणि तोंडाने सांगावे. थोडे सांगावे, पण खरे सांगावे. ‘ती माणसे झोपली आहेत’ असे सांगितलेले मूल रात्री डोळे मिटावयास भिते. ‘काही माणसांनी फार वाईट काम केले, माणसे मेली, आम्हांलाही वाईट वाटते आहे, आणि आम्ही तुझ्याजवळ आहोत,’ एवढे सहा वर्षांच्या मुलाला पुरते.

दुसरी गोष्ट नित्यक्रमाची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद भागातील गावेच्या गावे गाडली गेली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे 1200 मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली. घर गेलेल्या मुलाला रोजची घंटा, ठरल्या वेळचे जेवण आणि संध्याकाळचा खेळ ह्यांचा केवढा आधार असतो, हे शिक्षकांना निराळे सांगावयास नको. संकटाच्या दुसऱ्या दिवशी शाळा भरविणे म्हणजे दु:खाची उपेक्षा नव्हे.

तिसरी गोष्ट अशी की, मुलाच्या हाताला काही काम हवे. हिरोशिमाच्या सादाको सासाकीचे उदाहरण प्रसिद्धच आहे. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. 1955 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने ती वारली. तिच्या वर्गमित्रांनी निधी उभारण्याचे मनावर घेतले, जपानभरच्या शाळांनी हातभार लावला आणि 1958 मध्ये तेथे मुलांचे शांतिस्मारक उभे राहिले. आपल्याकडे एवढे मोठे काही नको. एक चित्र, जखमींसाठी एक पत्र, अंगणात लावलेले एक रोप पुरे.

सर्वांत नाजूक गोष्ट शेवटी सांगतो. मोठ्यांचा संताप मुलांच्या कानावर पडतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एखाद्या मुलाच्या बाकावर कोणी बसत नाही, कारण त्याचे नाव निराळे असते. अशा वेळी शिक्षकाने मुलांना बैसरनचीच हकीकत पुरी सांगावी. मेलेल्या 26 जणांत पाहुण्यांना वाचवू पाहणारा एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही होता, आणि आपल्या इंदूरचा जो गृहस्थ गेला तो ख्रिस्ती होता. मारणाऱ्यांचा राग मुलांना यावा. तो शेजारच्या बाकापर्यंत पोहोचू नये, एवढे पाहणे मात्र आपल्या हाती आहे, आणि ते त्याच दिवशी झाले पाहिजे. आठवड्याने सांगून उपयोग नाही, कारण तोवर तो मुलगा एकटा बसावयास शिकलेला असतो.

दर वर्षी 30 जानेवारीला सकाळी 11 वाजता आपण हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे स्तब्ध राहतो. इंदूरच्या शाळांनी त्या दिवसापासूनच सुरुवात करावी. ती दोन मिनिटे संपली की पुस्तके लगेच उघडू नयेत. बाईंनी मुलांमध्ये खाली बसावे आणि ‘कोणाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हणून थोडा वेळ वाट पाहावी. पहिला हात वर यायला वेळ लागेल, पण तो येईल.