चौदा दिवसांचे मिशन आणि ओंगोलचा इतिहास

#धागा #इतिहास

१/
आजचा धागा वादाचा आहे, हे आधीच सांगतो. आंध्र किंवा तेलंगणातील एखाद्या खेड्यात परदेशी चर्चची दहाबारा जणांची तुकडी येते. दहा-चौदा दिवस दुभाष्याच्या मदतीने सभा होतात, मुलांची गाणी-खेळ होतात, आरोग्य शिबिर भरते. मग परत जाऊन ‘इतक्या जणांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला’ असा अहवाल सादर होतो. यास अल्पकालीन मिशन म्हणतात.

२/
हा प्रकार किरकोळ नव्हे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांच्या अंदाजानुसार या शतकाच्या पहिल्या दशकात वर्षाला सुमारे १६ लाख अमेरिकी चर्चसदस्य अशा परदेशवारीत सहभागी होत होते. त्यातील तेलुगु खेड्यांत येणाऱ्या तुकड्यांना प्रेरणा म्हणून हमखास एक आकडा सांगण्यासारखा असतो : एका दिवसात २,२२२ बाप्तिस्मे. स्थळ ओंगोल परिसर, साल १८७८.

३/
माझे म्हणणे असे की, अल्पकालीन मिशनला ओंगोलचा वारसा सांगण्याचा अधिकार नाही. तो इतिहास नीट वाचला तर त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो. आणि याच आकड्याकडे बोट दाखवून ‘हे सारे तांदळासाठी झालेले ख्रिस्ती’ असे म्हणणारे विरोधकही नेमकी तीच चूक करतात. आता पुरावा पाहू.

४/
अमेरिकन बाप्टिस्टांचे सॅम्युएल डे १८३६ साली तेलुगु प्रदेशात आले आणि १८४० मध्ये नेल्लोरला स्थिरावले. १८४९ मध्ये लायमन ज्युएट आले. पुढे कित्येक वर्षे अनुयायी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हे मिशन बंद करावे काय, याची चर्चा अमेरिकेतील मंडळाने एकाहून अधिक वेळा केली. ज्युएट मात्र हटले नाहीत. आजच्या अहवालांच्या कसोटीवर ही तीन दशके ‘शून्य निष्पत्ती’ ठरली असती.

५/
१८६५ मध्ये जॉन एव्हरेट क्लफ आले. पण कलाटणी देणारे नाव त्यांचे नव्हे. ते आहे येर्रगुंट्ल पेरय्या. जातीने मादिगा, म्हणजे चामड्याचे काम करणाऱ्या समाजातील. व्यवसाय कातड्याचा व्यापार. योगमार्गी गुरूंच्या परंपरेशी त्यांचा पूर्वीपासून संबंध होता. व्यापाराच्या फिरतीत त्यांनी ख्रिस्ताविषयी ऐकले आणि १८६६ मध्ये, क्लफ ओंगोलला बिऱ्हाड हलवण्यापूर्वीच, बाप्तिस्मा घेतला.

६/
त्यानंतर पेरय्या आपल्या तल्लकोंडपाडु गावी परतले आणि स्वतःच बोलू लागले. १८६७ च्या आरंभी क्लफ तेथे पोहोचले, तेव्हा आसपासच्या गावांतील माणसे आधीच जमली होती. २८ जणांचा बाप्तिस्मा झाला. येथे मिशनरी पाहुणा होता. विचार गावात पोहोचवणारा, तो आपल्या माणसांच्या भाषेत आणि अनुभवात मांडणारा मनुष्य गावचाच होता.

७/
याची किंमत काय होती? ओंगोलच्या ख्रिस्ती मादिगांपुढे तीन साधे नियम होते : रविवारी काम करू नये, मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नये, मूर्तिपूजा करू नये. वरवर पाहता हे धार्मिक नियम. गावगाड्यात मात्र ते बंडच होते. मादिगाने वेट्टी करायची, मोटेला चामडे पुरवायचे, ग्रामदेवतेच्या जत्रेत डप्पू वाजवायचा, अशी रीत होती. ‘वेट्टी’ म्हणजे आपली वेठच.

८/
महाराष्ट्रातील वाचकाला हे परके वाटू नये. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, त्यामागील अर्थ आपण जाणतो. त्याच्या पन्नास-साठ वर्षे आधी तेलुगु मादिगांनी हाच नकार वेगळ्या भाषेत उच्चारला होता. त्यांना मारहाण झाली, कामे बंद झाली, पाण्याच्या वाटा अडल्या. हे सोसताना कोणताही पाहुणा त्यांच्याबरोबर गावकुसाबाहेरच्या झोपडीत नव्हता.

९/
ओंगोलमध्येही निवडीची वेळ आली. मिशनच्या शाळेत उच्चवर्णीय मुले येत होती. मादिगांना प्रवेश देताच ती जाऊ लागली. प्रतिष्ठित कुटुंबे राखावीत की अस्पृश्य, असा प्रश्न होता. क्लफ दांपत्याने दुसरी बाजू घेतली. असा निर्णय चौदा दिवसांत घेता येत नाही, कारण त्याचे परिणाम भोगायला चौदा दिवसांनंतरही तेथेच राहावे लागते.

१०/
आता तो प्रसिद्ध आकडा. १८७६–७८ च्या महादुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाखा होरपळला. माणसे लाखोंनी मेली. बकिंगहॅम कालव्याचे काम दुष्काळी काम म्हणून निघाले. क्लफ यांनी ओंगोलजवळच्या साडेतीन मैलांचा ठेका घेतला आणि भुकेल्यांना मजुरी दिली. त्यांचे मादिगा प्रचारकच मुकादम झाले. कामाच्या विसाव्यात तेच लोकांशी बोलत, प्रश्नांना उत्तरे देत.

११/
येथे नेमके लक्ष द्या. मदत चालू असताना क्लफ यांनी बाप्तिस्मे थांबवले होते. वर्षाहून अधिक काळ एकही नाही. लोक मागत होते, तरी नाही. भाकरीसाठी कोणी ख्रिस्ती होऊ नये, ही भीती त्यांनाही होतीच. मदतनिधी संपला, आता काही मिळणार नाही असे सांगून झाले, त्यानंतर ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीवर वेल्लंपल्ली येथे २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला.

१२/
याचा अर्थ दुष्काळाचा काहीच संबंध नव्हता, असा नाही. मृत्यू दाराशी असताना ज्याने काम दिले, त्याच्यावर विश्वास बसतोच. पण विश्वास बसणे आणि विकले जाणे यांत फरक आहे. उपाशी शेतकऱ्याने सावकाराविरुद्ध उठाव केला तर आपण त्याला विचारवंत मानतो, आणि उपाशी मादिगाने धर्म बदलला तर त्याला मिंधा ठरवतो. हा न्याय कोणता?

१३/
त्या दिवशी पाण्यात उभे राहून बाप्तिस्मे देणारे देशी प्रचारक होते. त्यांच्यामागे एका तपाहून अधिक काळाची पायपीट होती. भक्तिपर वाङ्मयाने २,२२२ हा चमत्कार ठरवला. विरोधकांनी तो सौदा ठरवला. दोन्ही कथनांत गोरा साहेब देणारा आणि काळा मजूर घेणारा. पेरय्या दोघांनाही दिसत नाहीत.

१४/
म्हणूनच एम्मा राउशेनबुश-क्लफ यांचे १८९९ चे ‘व्हाइल सोइंग सँडल्स’ हे पुस्तक महत्त्वाचे. लेखिका मिशनरीच, तिची दृष्टीही त्या काळाचीच. तरी तिने मादिगांच्या आठवणी, त्यांचे गुरू, त्यांच्या घरांतल्या गोष्टी टिपल्या. कारण ती त्यांच्यात राहिली होती. दुभाष्यामार्फत सभा घेणाऱ्याला या गोष्टी कोण सांगणार?

१५/
आरोग्य शिबिरांचेही तेच. अ‍ॅना कुगलर ही लुथरन डॉक्टर १८८३ मध्ये गुंटूरला आली. तिचे रुग्णालय उभे राहायला १८९८ साल उजाडले. १९३० मध्ये तिने गुंटूरलाच देह ठेवला. बाळंतिणीला रात्री दोन वाजता हाक मारता येईल अशी डॉक्टर आणि चार दिवस गोळ्या वाटून जाणारी तुकडी, यांना ‘वैद्यकीय मिशन’ हे एकच नाव देणे हा भाषेचा गैरवापर आहे.

१६/
आणि हे केवळ गोऱ्यांचे काम नव्हते. वेदनायगम अझारिया हे तमिळ गृहस्थ निजामाच्या राज्यातील डोर्नकलला गेले, तेलुगु शिकले आणि १९१२ मध्ये अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप झाले. १९१० च्या एडिनबरा परिषदेत त्यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले की, तुमचा त्याग आम्ही मानतो, आता मैत्री द्या. शतक उलटले. पाहुणे वाढले, मैत्री किती वाढली?

१७/
तेलुगु चर्च निर्दोष होते, असे मी म्हणत नाही. जात तेथेही शिरली. माला आणि मादिगा यांच्यातील अंतर मंडळ्यांमध्येही उतरले. कवी गुर्रम जाशुवा यांनी लुथरन मिशनच्या शाळेत शिकवले होते. त्यांच्या ‘गब्बिलम’ (१९४१) या काव्यात अस्पृश्य नायकाला आपले गाऱ्हाणे देवापर्यंत पोहोचवण्यासाठी वटवाघूळ शोधावे लागते. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघत नाही, हे तेथील दलित ख्रिस्ती इतरांहून अधिक जाणतात.

१८/
आज तर प्रश्न कायद्याचाही आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. पाहुण्याच्या अहवालात उंचावलेला हात म्हणजे एक आकडा. गावकऱ्याच्या दृष्टीने तो मुलाच्या जातीच्या दाखल्याचा, शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे. पाहुण्याने हे कधी विचारले?

१९/
शिवाय पर्यटक व्हिसावर धर्मप्रचाराची मुभा नाही. नियम मोडून सभा घेणारा बहुधा परत पाठवला जातो. चौकशीला सामोरा जातो तो गावातला पाळक. गावचे टोमणे ऐकते ती शेतमजुरीला जाणारी विश्वासी बाई. एकाचे धाडस आणि दुसऱ्याची शिक्षा, हे कोणत्याही धर्माच्या नीतीत बसत नाही.

२०/
‘पण ते पैसे आणतात, विहिरी खोदतात, त्यांचा हेतू चांगला असतो,’ असा आक्षेप येईल. हेतूवर माझा वाद नाही. पण देणगी पाहुण्यांच्या मर्जीवर अवलंबून राहिली की स्थानिक पाळकाला दरवर्षी दाखवण्याजोगे काहीतरी तयार ठेवावे लागते : गर्दी, हात, छायाचित्रे. अशा रीतीने पेरय्यांच्या वारसाचा व्यवस्थापक होतो. दान द्यायचेच तर ते तेथे वर्षभर चालणाऱ्या दवाखान्याला आणि शाळेला द्यावे. त्यासाठी विमानात बसण्याची गरज नाही.

२१/
दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही एक सांगणे. अल्पकालीन तुकड्यांचे फुगवलेले अहवाल हा तुमचा आवडता पुरावा. त्यांच्या आकड्यावर तुमचा त्यांच्याइतकाच भाबडा विश्वास आहे. जे अहवाल धर्मप्रचारक स्वतःच्या स्तुतीसाठी लिहितो, ते तुम्ही दलितांच्या निंदेसाठी वाचता. दोन्ही ठिकाणी दलित मनुष्य मुका राहतो.

२२/
म्हणून, इतिहासाच्या अभ्यासकांनो, मिशनचा कोणताही कागद हाती आला, मग तो १८७८ चा असो वा कालचा, तीन प्रश्न विचारा. गावातल्या कोणाचे नाव त्यात आहे? लिहिणाऱ्याला तेथील भाषा येत होती काय? आणि तो निघून गेल्यावर परिणाम कोणी भोगले? तिन्ही उत्तरे मिळाली तर आकडा वाचा. न मिळाल्यास तो बाजूला ठेवून पेरय्यांना शोधा.

धागा समाप्त. मतभेद अवश्य नोंदवा. पुराव्यासह नोंदवलेत तर चर्चेला अर्थ येईल.