एचपीचा मोह आवरा!

मोबाईल निवडायला तुम्हाला दहा मिनिटं लागतात. पण वरूडहून बाबांचा फोन आला, "फवारणीच्या पंपाचं इंजिन बसलं, दुसरं पाह्य बरं", तर? संत्र्याच्या नव्या पालवीवर सायला बसलाय, हातात दोनच दिवस.

पहिला विचार येतो, जास्त एचपीचं घेऊ. थांबा, बॉस! पंपाचं प्रेशर रेग्युलेटरवर सेट होतं. इंजिनला फक्त तेवढा भार पेलायचा असतो. शिवाय स्टिकरवरचा आकडाही लबाड. होंडाचं १६३ सीसीचं जीएक्स १६० आधी साडेपाच एचपी म्हणून विकलं जायचं, आता ४.८. फरक मुख्यतः मोजण्याच्या पद्धतीचा.

खरा घोळ होतो शाफ्टवर. त्याची जाडी, चावीची खाच, फिरण्याची दिशा, पायाच्या बोल्टांमधलं अंतर, सगळं जुन्या इंजिनवरून मोजून मागवा. फूटपट्टी नको, व्हर्नियर, लेथवाल्याकडे असतोच. पुली जुनीच ठेवणार असाल तर आरपीएमही जुळवा. शाफ्टला ३६०० ऐवजी १८०० देणारं आणलंत तर पंप निम्म्या वेगाने फिरेल आणि झाडाच्या शेंड्यापर्यंत औषध पोचायचं नाही.

आणि हो, ऑर्डर देण्याआधी प्लग आणि कार्बुरेटर उघडून बघायला सांगा. शिळ्या पेट्रोलनं जेट चोक झाला असेल, तर काम सफाईवरच भागतं.