पदवीधर मतदारसंघाची मतदार नोंदणी सुलभ करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य निवडणूक अधिकारी,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.
(मार्फत : मा. जिल्हाधिकारी, सांगली)

विषय : पदवीधर मतदारसंघाची मतदार यादी प्रशासनाने स्वतः पुढाकार घेऊन तयार करण्याबाबत.

महोदय,

आम्ही सांगली जिल्ह्यातील पदवीधर नागरिक आपणांस पुढीलप्रमाणे विनंतीपूर्वक निवेदन सादर करीत आहोत.

राज्याच्या विधान परिषदेतील ७८ जागांपैकी ७ जागा पदवीधरांनी निवडून द्यायच्या आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेला, मतदारसंघातील रहिवासी या निवडणुकीत मतदार होऊ शकतो. उमेदवाराला मात्र पदवीची अट नाही. वयाची ३० वर्षे पूर्ण झालेली आणि राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघात मतदार म्हणून नोंद असलेली व्यक्ती, कायद्याने अपात्र नसल्यास, उभी राहू शकते. उमेदवारीचे दार असे मोकळे असताना मतदाराची वाट मात्र अडचणीची आहे.

विधानसभेच्या यादीत एकदा नाव लागले की ते पुढच्या निवडणुकीलाही राहते. पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळी मतदान केलेल्यालाही पुन्हा नमुना १८ भरून पदवीची साक्षांकित प्रत जोडावी लागते. बहुसंख्य पदवीधरांना हे ठाऊकच नसते. मग इच्छुक उमेदवारांचे कार्यकर्ते घरोघर फिरून अर्ज भरून घेतात. ज्याची यंत्रणा मोठी, त्याच्या ओळखीचे मतदार यादीत जास्त. निवडणुकीचा निकाल मतपेटीत ठरावा, नोंदणीच्या वेळी ठरू नये, ही आमची कळकळ आहे.

विवाहित भगिनींची अडचण आणखी वेगळी. पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. आमच्यातील एका भगिनीला एका कार्यालयातून राजपत्र आणण्यास सांगून परत पाठवण्यात आले. विवाह नोंदणी प्रमाणपत्र चालेल का, याचे उत्तर मिळेपर्यंत मुदत संपली.

तरी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. मागील यादीतील प्रत्येक मतदाराला त्याची माहिती आधीच भरलेला नमुना १८ घरपोच द्यावा व केवळ रहिवासाची खातरजमा करून नाव कायम करावे. त्यासाठी नियमांत बदल लागत असल्यास भारत निवडणूक आयोगाकडे शिफारस करावी.

२. डिजिलॉकरमधील पदवी प्रमाणपत्र ग्राह्य धरून वेगळ्या साक्षांकनाची अट काढावी.

३. नावातील बदलासाठी कोणती कागदपत्रे चालतील, याचे एकच लेखी परिपत्रक सर्व तहसील कार्यालयांना द्यावे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र पुरेसे मानावे.

४. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर असल्याने ऑक्टोबरमध्ये महाविद्यालये व ग्रामपंचायतींत नोंदणी शिबिरे घ्यावीत. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडे नमुना १८ उपलब्ध ठेवावा.

५. अर्ज नाकारल्यास कारण लेखी कळवावे.

६. मतदान पसंतीक्रमाने होते. केंद्रावर दिलेल्या पेनानेच पहिल्या पसंतीसमोर १ हा अंक लिहावा लागतो. सवयीने बरोबरची खूण केली तर मत बाद होते. याची माहिती नमुना मतपत्रिकेसह मतदान केंद्राबाहेर लावावी.

विधान परिषदेतील आमचा आवाज आमच्याच मतांनी ठरावा, एवढीच अपेक्षा आहे. वरील मागण्यांवर पुढील नोंदणी कार्यक्रम जाहीर होण्यापूर्वी निर्णय घेऊन आम्हांस लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
पदवीधर नागरिक, जिल्हा सांगली
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीस्तव : मा. विभागीय आयुक्त, पुणे विभाग, पुणे.