माणसे किती आणि जॅकेट किती?

१ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी उठायची वेळ आली, की कोकणातल्या प्रत्येक बंदरावर एकच धांदल उडते. बोटीला रंग लागतो, इंजिन खोलले जाते, जाळी शिवून होतात, डिझेल आणि बर्फाचा हिशेब मांडला जातो आणि खलाशांच्या हातावर हंगामाची उचल टेकवली जाते. या सगळ्या हिशेबात एक प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. बोटीवर माणसे किती जाणार आणि जीव वाचवायची साधने किती जणांपुरती आहेत? हे काम इंजिनिअरचे किंवा सरकारी निरीक्षकाचे आहे असे समजून चळवळीतले आपणही तो प्रश्न सोडून देतो. माझ्या मते तो मजुरीइतकाच मजुराचा प्रश्न आहे. बोट मालकाची, मासळी मालकाची, डिझेलचा परतावा मालकाचा. समुद्रात पडणारा देह तेवढा खलाशाचा.

मासेमारी म्हटले की कोळी नाखवा आपल्या डोळ्यांसमोर येतो. स्वतःची लहान होडी, सोबत भाऊ नाहीतर मुलगा, आणि डोक्यावर सोसायटीचे कर्ज. या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. तो स्वतःचाच जीव घेऊन समुद्रात जातो. पण मोठ्या ट्रॉलरवर आणि पर्ससीन बोटींवर आज कोण राबतो ते बंदरावर जाऊन पाहावे. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळचे तरुण आहेत. पालघर जिल्ह्यातला आदिवासी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातो आणि सागरी सीमेच्या भानगडीत कराचीच्या तुरुंगात खितपत पडतो. यातल्या कित्येकांनी कामाला येईपर्यंत समुद्र पाहिलेला नसतो आणि अनेकांना पोहता येत नाही. त्यांच्यासाठी लाईफ जॅकेट हाच काय तो आधार.

हे जॅकेट असते कुठे? परवान्याच्या वेळी ते दाखवले जाते, मोजले जाते, रजिस्टरवर खूण होते. त्यानंतर प्लास्टिकच्या पिशवीसकट ते केबिनच्या कोपऱ्यात जाळ्यांच्या ढिगाखाली जाते. लाट बोटीत शिरल्यावर गाठ सोडून, पिशवी फाडून, पट्टे आवळायला जितका वेळ लागतो तितका वेळ समुद्र देत नाही. कागदावर साधन असणे आणि हाताशी साधन असणे यांतला फरक मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सर्वांना दाखवला. मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला, सत्तरहून अधिक कामगार मेले. ती काही मासेमारीची बोट नव्हती, मोठ्या कंत्राटी कामाचा बार्ज होता. त्यावर जीवरक्षक तराफेही होते. पण त्यातले बहुतेक फुटके निघाले, असे बचावलेल्या इंजिनिअरने वर्तमानपत्रांना सांगितले. जिथे इतका पैसा होता तिथे ही गत, तर सहा खलाशांच्या ट्रॉलरवर कोण तपासणार?

मालक लोक म्हणतात, जॅकेट दिले तरी खलाशी घालत नाहीत. हे खरे आहे, आणि त्याला कारणही आहे. अनुदानात किंवा स्वस्तात येणारे फोमचे जाडजूड जॅकेट घालून जाळे ओढता येत नाही, उकाड्याने जीव जातो, पट्टा दोरीत अडकतो. काम करताना अंगावर राहील असे पातळ, हवा भरणारे जॅकेट बाजारात मिळते; ते महाग असते एवढेच. ते परवडत नसेल तर निदान रात्री डेकवर जाणाऱ्याने आणि जाळे ओढताना कडेला उभे राहणाऱ्याने साधे जॅकेट घातलेच पाहिजे, असा नियम तांडेलने करावा. आणखी एक गोष्ट सभ्य लोक बोलत नाहीत म्हणून मी बोलतो. बहुतेक लहान बोटींना संडास नसतो. माणूस पहाटेच्या अंधारात बोटीच्या कडेला बसतो, बोट कलंडते आणि तो जातो. कडेला कमरेइतका उंच लोखंडी दांडा आणि आडोशाची एक जागा, यासाठी उपग्रह लागत नाही. वेल्डिंगवाल्याचे काम आहे.

याच जातीची आणखी काही साधने आहेत. दोर बांधलेली लाईफ रिंग, बोटीच्या मागच्या अंगाला, उघडी टांगलेली. विंचजवळ म्यानात अडकवलेली धारदार सुरी. कारण जाळ्याच्या दोरात पाय गुंतलेल्या माणसाला सोडवायला सुरी शोधत केबिनकडे धावणे म्हणजे त्याला मारणेच. बॅटरी, शिट्टी आणि धोक्याचे फ्लेअर. फ्लेअरवर मुदत छापलेली असते, ती वाचायची असते. पिण्याचे पाणी, फेरीला लागते त्यापेक्षा दोन दिवसांचे जास्त. आग विझवायचे नळकांडे स्वयंपाकाच्या शेगडीजवळ नव्हे, तर आग लागल्यावरही हात पोचेल अशा जागी.

हत्यारांची पेटी ही तर जीवरक्षक वस्तूच आहे. इंजिन बंद पडले की बोट लाटेला आडवी होते आणि आडवी झालेली बोट भरायला वेळ लागत नाही. म्हणून डिझेलचा जादा फिल्टर, इंजिनाचे पट्टे, पाने, पक्कड, करवतीचे पाते, गळती बुजवायला लाकडी खुंट्या, कापूस आणि एम-सील, पंप बिघडला तर पाणी उपसायला बादल्या. पंख्यात जाळे अडकले तर खाली उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवाच. तसाच दोर मासे ठेवायच्या बंद खणात उतरणाऱ्याला हवा. सडलेल्या मासळीतून विषारी वायू तयार होतो. आधी उतरलेला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. खण आधी उघडा ठेवून हवा खेळवायची, आणि वर दोर धरून एक माणूस बसवायचा.

औषधपेटीची दशा तर विचारू नये. डोकेदुखीच्या चार गोळ्या आणि वाळलेले मलम. पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हातपाय बुडवून ठेवावा, तासभर तरी, वेदना उतरते. यासाठी पातेले आणि शेगडी बोटीवर असतेच, फक्त हे ज्ञान हवे. जाळ्यात आलेला समुद्री साप चावला तर मात्र गोष्ट वेगळी. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जमिनीवरच्या सापांच्या विषापासून बनते. समुद्री सापाच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही. अशा वेळी कापणे, चोखणे यात वेळ न घालवता अवयव स्थिर बांधून, वायरलेसवर कळवून, बोट किनाऱ्याला वळवायची असते. वळवायची म्हणजे फेरी वाया जाणार, डिझेल वाया जाणार. हा निर्णय कोण घेणार, तांडेल की फोनवरचा मालक? प्रथमोपचाराचा खरा प्रश्न इथे आहे.

संपर्काच्या साधनांत सरकारने बरेच केले, हे मान्य केले पाहिजे. इस्रोने बनवलेले डॅट हे यंत्र बटण दाबताच उपग्रहामार्फत आग, बोट बुडणे, माणूस पाण्यात पडणे, आजारपण असे संदेश बोटीच्या ठावठिकाण्यासह तटरक्षक दलापर्यंत पोचवते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या नव्या आवृत्तीत संदेश पोचल्याची पोचही बोटीवर मिळते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच पंतप्रधानांनी एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ केला. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळाचा इशारा निघाला तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या अनेक बोटी आधीच खोल समुद्रात, मोबाईल आणि वायरलेसच्या टप्प्याबाहेर होत्या. साठहून अधिक बोटी नऊशेहून अधिक मच्छीमारांना घेऊन थेट आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या, ते वाचले. शेकडो लोक मेले किंवा परतलेच नाहीत. त्या धड्यातून ही यंत्रे हवीच. पण यंत्र तांडेलच्या केबिनमध्ये असते. तांडेलच पाण्यात पडला तर कोणते बटण दाबायचे, वायरलेसच्या १६ नंबरच्या चॅनलवर काय बोलायचे, किनाऱ्याजवळ असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हा नंबर कधी लावायचा, हे नेपाळच्या मुलाला त्याच्या भाषेत कोणी सांगितले आहे का?

आता मी माझ्या धंद्याच्या गोष्टीकडे येतो. आणीबाणीचे एक साधन बोटीवर नव्हे तर किनाऱ्यावर ठेवायचे असते. तो एक कागद आहे: या फेरीला कोण कोण गेले, त्यांची नावे, गाव, घरच्यांचा फोन. नोव्हेंबर २००८ मध्ये दहशतवाद्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ बोट पळवली, तिच्यावरच्या खलाशांना मारले आणि तिच्यातून मुंबईकडे आले. त्यानंतर खलाशांची ओळखपत्रे तपासली जाऊ लागली, बोटींना रंग ठरले. बोटीवर कोण आहे याची चौकशी देशाच्या सुरक्षेसाठी सुरू झाली, ते योग्यच झाले. पण बोटीवर कोण होता याची चौकशी खलाशाच्या बायकोसाठी आजही होत नाही.

काही वर्षांपूर्वी अशी एक बाई माझ्याकडे आली. नवरा रात्री जाळे ओढताना पडला असे सोबतचा खलाशी तिला फोनवर म्हणाला आणि नंतर आपल्या मुलखात निघून गेला. मालक म्हणाला, तो या फेरीला आलाच नव्हता, उचल घेऊन पळाला. मृतदेह नाही, यादी नाही, पोलिसांत नोंद ‘बेपत्ता’. सात वर्षे ज्याची खबर नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर जाते, ही पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये असलेली तरतूद आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. सात वर्षे थांबलेच पाहिजे असा तिचा अर्थ नाही. माणूस बोटीवर होता आणि अमुक जागी पाण्यात पडला हे पुराव्याने दाखवता आले तर मृत्यू त्याआधीही सिद्ध होतो. पण पुरावा म्हणजे तीच यादी, तोच वायरलेसवरचा निरोप, तीच यंत्रातली जागेची नोंद. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यूला ५ लाख रुपये आहेत. त्यांनाही मृत्यूचा पुरावा लागतो. या बाईकडे त्यातले काहीच नव्हते. आणि लाईफ जॅकेटबद्दल एक क्रूर सत्य या प्रकरणाने मला सांगितले: त्याने जीव वाचला नाही तरी देह तरंगत राहतो, सापडतो, आणि घरच्यांच्या हाती दाखला पडतो.

मालकाच्या वकिलाचा ठरलेला युक्तिवाद असतो की खलाशी मासळीत वाटा घेतो, म्हणजे तो भागीदार, कामगार नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००७ मध्ये मासेमारीतील कामाविषयी जो १८८ क्रमांकाचा करार केला, त्यात वाटा घेणाराही मच्छीमार कामगारच धरला आहे. बोटीवर औषधे, प्रथमोपचार जाणणारा माणूस, पुरेसे पिण्याचे पाणी, आणि खलाशांची यादी किनाऱ्यावर ठेवणे, हे सगळे त्यात आहे. हा करार नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सुरक्षेच्या साधनांचा पैसा कामगाराकडून कापू नये असे ती सांगते, परंतु आस्थापना म्हणवून घ्यायला सर्वसाधारणपणे दहा कामगार लागतात. पंचवीस-तीस माणसांची पर्ससीन बोट त्यात बसेल, सहा-आठ खलाशांचा ट्रॉलर बाहेर. नऊ माणसांना समुद्र कमी बुडवतो काय? राज्यघटनेच्या कलम ४२ ने कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती निर्माण करायला राज्याला सांगितले, तिथे माणसांची संख्या घातलेली नाही.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. किनारपट्टीच्या तालुक्यांतल्या आपल्या कार्यकर्त्यांनी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडे माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज टाकावा. तीनच गोष्टी मागाव्यात: आपल्या बंदरातल्या परवानाधारक यांत्रिक नौकांची यादी, गेल्या वर्षभरात किती नौकांवरची जीवरक्षक साधने प्रत्यक्ष तपासली त्या तपासणीच्या नोंदींच्या प्रती, आणि त्रुटी आढळल्यावर काय कारवाई केली त्याची कागदपत्रे. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून अर्ज मे महिन्यातच गेला पाहिजे. उत्तर आले की जुलैमध्ये ते घेऊन जेट्टीवर जावे, सोसायटीच्या चेअरमनला सोबत घ्यावे आणि बोटीवर चढून प्लास्टिकच्या पिशव्या फोडायला लावाव्यात. जॅकेट मोजायचे आणि खलाशांच्या अंगावर चढवून पाहायचे. बोट सुटण्याआधी नावांचा एक कागद सोसायटीच्या कार्यालयात राहील, एवढी एक अट सोसायटीच्या ठरावात घालायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.