मेला तोच दोषी

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. आठशेहून अधिक माणसं दवाखान्यात भरती झाली. कोणाला दिसेनासं झालं, कोणी कित्येक दिवस भ्रमात, खाटेला बांधलेलं पडलं. मग सरकारने विशेष तपास पथक नेमलं, साहेब लोक आले, पंचनामे झाले, आणि दोषी सापडला. कोण? जो मेला तो. त्याने मास्क घातला नव्हता. हातमोजे घातले नव्हते. दोन औषधं एकत्र कालवली होती. वाऱ्याची दिशा पाहिली नव्हती. आणि त्याची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, नको तितकी उंच वाढली होती.

शेवटचं कारण पुन्हा वाचा. जन्मभर ज्या माणसाला ‘उत्पादन वाढवा’ म्हणून भाषणं ऐकवली, त्याचं पीक एका वर्षी डोक्याएवढं वाढलं, तर तेच त्याच्या मृत्यूचं कारण! मी केळापूर तालुक्यातला माणूस आहे. आमच्याकडे पऱ्हाटी माजली तर लोक खुश होतात. ती माजली म्हणून माणूस मरतो, हा शोध लावायला सरकारी पगारच लागतो.

फवारणी कशी होते ते या साहेबांपैकी किती जणांनी वावरात उभं राहून पाहिलं असेल? ऑगस्ट-सप्टेंबरचा उकाडा. पाऊस उघडलेला, जमीन वाफ टाकते. पाठीवर सोळा लिटरचा पंप, तो झाकणापाशी थोडा गळतो, म्हणून सदऱ्याची पाठ ओली. त्यातला घाम किती आणि औषध किती ते घालणाऱ्यालाही कळत नाही. दोन ओळींतून चालताना झाडं छातीला घासतात, पुढे मारलेलं औषध पानावरून अंगावर येतं. औषध कालवायला तुराटी, मोजायला बाटलीचं बूच. बाटलीसोबत आलेली माहितीपत्रिका उघडली तर चादरीएवढी होते आणि तिच्यातलं अक्षर मुंगीएवढं. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धास्त, असं मजुराने समजायचं का? त्याला हे कोणी, कधी, कुठल्या गावात सांगितलं? रोजाने आलेल्या, पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, कोलाम पोराच्या हाती तर बाटली येतच नाही, कालवलेलं पाणी येतं. तो काय वाचणार?

आणि मास्कचं म्हणाल, तर त्याचं उत्तर संयुक्त राष्ट्रांनी कधीच देऊन ठेवलंय. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशकांबाबत एक आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आहे. तिच्यात स्वच्छ लिहिलंय की, ज्या कीटकनाशकांसाठी घालायला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ती वापरणं टाळावं. विशेषतः उष्ण हवामानात, लहान शेतकरी आणि शेतमजुरांच्या बाबतीत. म्हणजे नियम उलटा आहे, बाप्पा! माणूस साधनं घालू शकत नसेल तर ते विष त्याच्या हाती द्यायचं नाही. आपल्याकडे विष आधी दिलं आणि साधनं घातली नाहीत म्हणून मढ्याला जाब विचारला.

मुळात हे विष वावरापर्यंत येतं कोणाच्या सहीने? फरीदाबादला केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि त्याची नोंदणी समिती आहे. कुठलं औषध, कुठल्या पिकावर, कुठल्या किडीसाठी, किती, हे ती ठरवते. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, 1969 पासून. सारा विदर्भ त्याच्या पदरी. ते शिफारशी करतं. मग कृषी खातं आहे, ते शिफारशी गावात नेतं, निदान नेतं असा समज आहे. आणि शेवटी कृषी केंद्राचा दुकानदार. शेतकरी अळी लागलेलं बोंड घेऊन जातो कोणाकडे? दुकानदाराकडे. कृषी सहायकाच्या अंगावर इतकी गावं आणि इतके कागद टाकलेत की तो भेटलाच तर पीकविम्याच्या अर्जापुरता. त्यामुळे डॉक्टर, औषधवाला आणि उधारी देणारा सावकार एकच. तो म्हणतो, भाऊ, हे दोन मिसळून मार. भाऊ मारतो.

2017 साली धाड कोणावर पडली? दुकानदारांवर. त्यांतले काही लुच्चे असतील, आहेतच. त्यांची बाजू घ्यायची मला गरज नाही. पण साखळीतली सगळ्यात वरची तीन टोकं सोडून सगळ्यात खालची दोनच सरकारला दिसावीत, विकणारा आणि मरणारा, ही नजर तपासून घ्यायला हवी.

विद्यापीठाला यात कशाला ओढता, असं विद्यापीठातले लोक विचारतात. ओढतो, कारण पिकांचं शहाणपण सांगण्यासाठीच ते उभं केलंय आणि त्याचा खर्च जनता उचलते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 2013 सालीच दाखवून दिलं होतं की देशातली कृषी विद्यापीठं आणि सरकारी खाती पिकांवर जी कीटकनाशकं सुचवतात, त्यांतल्या कित्येकांना त्या पिकासाठी फरीदाबादची नोंदणीच नाही. 2013 साल होतं हे. यवतमाळ व्हायला चार वर्षं बाकी होती. चार वर्षांत प्रत्येक शिफारस नोंदणीशी पडताळून गावागावांत लावायला काय लागत होतं? कागद, शाई आणि लाज. पहिल्या दोन गोष्टी विद्यापीठांकडे मुबलक असतात.

दुकानदाराने शिफारस नसलेलं मिश्रण दिलं तर तो गुन्हा. विद्वानांनी नोंदणी नसलेलं औषध पुस्तिकेत छापलं तर ती ‘शास्त्रीय शिफारस’. हा भेद कुठल्या कायद्यात आहे?

आता एक गंमत बघा. गंमत म्हणतो, पण वाचून माझं डोकं फिरतं. 2017 सालीच मुंबई विद्यापीठाने संगणकावर पेपर तपासण्याचा घाट घातला आणि निकाल महिनोन्महिने रखडवले. राज्यपाल कुलपती असतात. त्यांनी आधी मुदत दिली, आणि 24 ऑक्टोबर 2017 ला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून काढलं. योग्य केलं. पोरांचं वर्ष वाया घालवणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण तोच ऑक्टोबर आमच्याकडे कसा होता? यवतमाळच्या दवाखान्यात वॉर्ड भरलेले होते. आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे कुलपतीही राज्यपालच असतात. प्रतिकुलपती तर खुद्द कृषिमंत्री. म्हणजे विद्यापीठ आणि कृषी खातं ही दोन वेगळी घरं नाहीतच. एकाच माणसाच्या दोन खुर्च्या आहेत. तरी विद्यापीठ म्हणणार, अंमलबजावणी खात्याची, आणि खातं म्हणणार, शिफारस विद्यापीठाची. निकाल उशिरा लागला तर कुलगुरू जातो. माणसं मेली तर एक परिपत्रक निघतं.

वैद्यकीय महाविद्यालयाचंही तसंच. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला वसंतराव नाईकांचं नाव आहे. ते याच जिल्ह्यातल्या पुसदचे. त्यांचा जन्मदिवस 1 जुलै, राज्यभर कृषी दिन म्हणून साजरा होतो. शेतकऱ्यांसाठी सरकारने काढलेल्या स्वावलंबन मिशनलाही त्यांचंच नाव. पण कापसाच्या या जिल्ह्यात, त्यांच्या नावाच्या दवाखान्यात, 2017 साली कोलिनेस्टरेजची तपासणी करायची सोय नव्हती. ऑर्गनोफॉस्फेट जातीचं विष रक्तात किती भिनलंय ते या तपासणीतून कळतं. ही काही परदेशातून मागवायची जादू नव्हे. जिथे दर हंगामात हजारो माणसं हेच विष पाठीवर घेऊन चालतात, तिथे ही सोय पहिल्या दिवसापासून हवी होती. डॉक्टर बिचारे काय करणार? नातेवाईक कधी रिकामी बाटली आणत, कधी नुसता रंग सांगत. अ‍ॅट्रोपिन काही विषांवर चालतं. डायफेन्थ्युरॉनसारख्या औषधावर तर नेमका उतारा म्हणून काही नाहीच. उतारा नसलेलं विष अर्धशिक्षित मजुराच्या पाठीवर द्यायला ज्याने मंजुरी दिली, त्याची झोप उडाली का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

मग बंदी आली. मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, डायफेन्थ्युरॉन आणि दोन मिश्र औषधं, अशा पाचांवर यवतमाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांत बंदी. किती दिवस? साठ. कारण 1968 च्या कीटकनाशक कायद्याने राज्याला तेवढाच अधिकार दिलाय, फार तर आणखी तीस दिवस. आणि आली कधी? नोव्हेंबर उजाडता उजाडता. तेव्हा वावरात काय चालू असतं? कापूस वेचणी! फवारणीचा हंगाम उलटून गेल्यावर फवारणीच्या औषधावर बंदी घालणाऱ्यांना शेतीतलं ओ की ठो कळत नाही, किंवा सगळं कळतं. दोन्हींपैकी कुठलं अधिक लाजिरवाणं, ते तुम्हीच ठरवा.

मोनोक्रोटोफॉसचीच कुंडली मांडा. भाजीपाल्यावर ते मारायला आपल्याकडे 2005 पासून मनाई. 16 जुलै 2013 ला बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या शाळेत पोषण आहारातून तेच पोटात जाऊन 23 मुलं मेली. 2017 साली यवतमाळ झालं. केंद्राला बंदीचा आदेश काढायला 2023 उजाडलं, आणि तेव्हाही पडून असलेला माल विकायला एक वर्षाची मुदत दिली. म्हणजे हे विष माणसाच्या हाती नको हे ठरलं. पण गोदामातला साठा संपेपर्यंत माणसाने कळ काढावी. गोदामाला मुदत मिळते. रोजाने फवारणाऱ्याला मिळते का?

ज्या कायद्याच्या नावाने हे सगळं चालतं, तो जन्मलाच विषबाधेतून. 1958 साली केरळात पॅराथिऑन सांडलेलं पीठ खाऊन शंभरावर माणसं दगावली, चौकशी बसली, आणि दहा वर्षांनी कायदा झाला. त्याच्या जागी नवा आणायचा म्हणून 2020 साली राज्यसभेत विधेयक मांडलं, ते संसदीय समितीकडे गेलं. यवतमाळनंतरही घाई कोणाला नव्हती.

दाद मागायला माणसं शेवटी कुठे गेली माहीत आहे? स्वित्झर्लंडला. सिंजेंटा कंपनीचं ‘पोलो’ हे डायफेन्थ्युरॉनचं औषध तिकडे वापरायची परवानगी नाही. इकडे ते राजरोस विकलं गेलं. यवतमाळच्या पन्नासेक कुटुंबांच्या वतीने 2020 साली तिथल्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार गेली, आणि दोन विधवा व एक वाचलेला शेतकरी यांनी बासेलच्या न्यायालयाचं दार ठोठावलं. कंपनी आरोप नाकारते. तो निवाडा तिथल्या न्यायालयाचा. माझा प्रश्न आपल्या सरकारला आहे. यवतमाळच्या बाईला नवऱ्याच्या मरणाचा जाब मागायला बासेलपर्यंत जावं लागतं, तर मुंबई, अकोला आणि फरीदाबाद इथल्या कचेऱ्या कशासाठी उघड्या ठेवल्यात?

मेलेल्यांच्या घरी दोन लाख देऊ असं सरकारने जाहीर केलं. पण एरवी काय? शेतकरी अपघात विमा होता, तो सातबाऱ्यावर नाव असलेल्यांसाठी. आता फवारणी कोण करतं ते पाहा. ज्याचं वावर तो बांधावर, ज्याला वावर नाही तो पंपाखाली. केळापूर तालुक्यातले कोलाम, गोंड, परधान मजूर ज्या सातबाऱ्यासाठी आयुष्य घालवतात, तो मरताना त्यांच्याकडे नाही म्हणून विमाही नाही. विष अंगावर घेताना ओळखपत्र लागत नाही, नुकसानभरपाई मागताना उतारा लागतो.

2017 च्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, आणि डिसेंबरात विधानसभेत कोरडवाहूला हेक्टरी 30,800 रुपये जाहीर झाले. त्यातले 16,000 बियाणे कंपन्या देणार होत्या. कंपन्यांनी जबाबदारीच मानली नाही. दुसऱ्याच्या खिशातले पैसे जाहीर करायला हिंमत लागत नाही, वसूल करायला लागते.

आता तुम्ही म्हणाल, करायचं काय? मोर्चे आम्ही काढले, निवेदनं दिली, पोच घेतली. पोचांचा गठ्ठा घरात माळ्यावर ठेवायला होतो. तेव्हा मी म्हणतो, हंगाम लागायच्या आत, मे महिन्यातच, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं तिकीट लागतं, उत्तराला तीस दिवस. महाराष्ट्राने नियम करून ठेवलाय की अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत हवा. दीडशे शब्द पुष्कळ झाले. एक अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांना: केळापूरसह प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कोलिनेस्टरेज तपासणीची सोय आहे का, विषावरचे उतारे किती शिल्लक आहेत, आणि मागच्या हंगामात विषबाधेचे रुग्ण किती आले, औषधाच्या नावासह. एक जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना: विषबाधेची नोंद सक्तीची करायचा अधिकार कायद्याने राज्याला दिलाय, तो आपल्या जिल्ह्यात वापरला का, आणि त्या नोंदी कुठे बघायला मिळतील. आणि तिसरा अकोल्याला, विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला: कपाशीवर आज आपण सुचवत असलेल्या प्रत्येक कीटकनाशकाचं नाव, त्याचा केंद्रीय नोंदणी क्रमांक, ते सोळा लिटरच्या पंपाने, सप्टेंबरच्या उन्हात, छातीएवढ्या पऱ्हाटीत मारून पाहिल्याचा प्रयोग झाला असल्यास त्याचा अहवाल, आणि शिफारशीवर सही करणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव व पद.