जाळी घातली, काढायची कशी?

‘अंग बाहेर येणे’ हे दुखणे बायका वर्षानुवर्षे लपवतात. त्यावर योनीमार्गातून प्लॅस्टिकची जाळी बसवण्याची शस्त्रक्रिया पाश्चात्त्य देशांत फोफावली. टाक्यांची दुरुस्ती पुन्हा सैल पडू शकते, जाळी टिकेल, असा हिशेब. पण कित्येकींची जाळी आतली त्वचा कापून वर आली. रक्तस्राव, शरीरसंबंधात असह्य वेदना. आणि एकदा मांसात रुजलेली जाळी पूर्ण निघणे महाकठीण! इंग्लंडने जुलै २०१८ मध्ये स्थगिती दिली. अमेरिकेने एप्रिल २०१९ मध्ये या दुखण्यासाठीच्या जाळ्यांची विक्री थांबवली. २०२० च्या कम्बरलेज अहवालातले खरे बोचणारे वाक्य वेगळेच: तक्रार करणाऱ्या बायकांना ‘हे बायकांचे नेहमीचेच’ म्हणून परत पाठवले जाई. आपल्याकडे तरी, टाके की जाळी, हे शस्त्रक्रियेआधी किती जणी विचारतात?