फक्त पाच किलो!

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाचं वाचन दांडगं असतं, मुख्यतः ट्रकवरचं. गायमुखच्या घाटात पाऊण तास अडकलात की 'बुरी नजरवाले'पासून 'हॉर्न ओके प्लीज'पर्यंत सगळं वाङ्मय पाठ होतं. बाजूच्या ट्रकच्या दारावर दोन आकडेही असतात, यू.एल.डब्ल्यू. आणि आर.एल.डब्ल्यू. पहिला रिकाम्या ट्रकचं वजन, दुसरा मालासकट कायद्याला चालणारं वजन. जुलै २०१८ मध्ये सरकारनं हा दुसरा आकडा वाढवला. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेली. रस्ता तोच, घाट तोच, आकडा नवा.

विमानालाही असाच एक आकडा असतो. पायलट मंडळी त्याला एमटीओडब्ल्यू म्हणतात. माणसं, सामान, इंधन धरून जास्तीत जास्त इतक्या वजनानं उडायचं, असा तो सर्टिफिकेटवर छापलेला आकडा. आपल्याला वाटतं, इंजिनिअरनं पंख मोजले, इंजिनं मोजली, हिशेब केला, झालं. पण हा आकडा कधीकधी सायन्सपेक्षा वकिलांच्या टेबलावर जास्त घडतो!

कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स दोन इंजिनांचं डॉर्निअर २२८ हे छोटं विमान बनवते. सप्टेंबर २०२३ मध्ये डीजीसीएनं त्याच्या एका नव्या अवताराला मंजुरी दिली. १९ पॅसेंजर आणि कमाल वजन ५,६९५ किलो. हे ५,६९५ काय प्रकरण? तर कायद्याची रेघ आहे ५,७०० वर. त्याच्या वरचं विमान कॅप्टन म्हणून कमर्शियली उडवायचं तर एअरलाइनवाला मोठा परवाना लागतो, आणि त्याला १,५०० तासांचं उड्डाण हवं. रेघेच्या खाली २०० तासांत मिळणारा साधा कमर्शियल परवाना चालतो. म्हणजे पायलट पटकन मिळतात, खर्च कमी होतो. म्हणून कंपनीनं मर्यादा मुद्दाम खाली आणली आणि रेघेच्या पाच किलो अलीकडे पार्किंग केलं. सही ना?

तुमच्या खिशातल्या लायसन्सवर 'एलएमव्ही' असतं ना, तिथंही असाच फंडा आहे. ७,५०० किलोपर्यंतची गाडी 'हलकी'. त्यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्या लायसन्सवर तेवढ्या वजनाचं मालवाहू वाहनही चालवता येतं.

बरं, ५,७०० हा आकडा तरी आला कुठून? अमेरिकन कायद्यात १२,५०० पौंडांची रेघ आहे. त्याचे होतात ५,६७० किलो. तो गोल केला की झाला आपला आकडा. किंग एअर २०० या जगभर खपलेल्या विमानाची मर्यादा बघा: बरोब्बर १२,५०० पौंड. युरोपात रेघ दोन टनांवर. त्याखालच्या विमानाला आकाशातला टोल, म्हणजे रूट चार्ज, माफ. आणि डायमंड डीए-४२ च्या नव्या मॉडेलची मर्यादा १,९९९ किलो! बाटाच्या किमतीसारखी. हा योगायोग आहे असं मानायला मी तरी तयार नाही.

याच डीए-४२ वर्गातल्या विमानावर आपल्या गोंदियाच्या ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये मुलं दोन इंजिनांचं उड्डाण शिकतात. आमच्या वाघबीळच्या सोसायटीतला एक पोरगा आयटीतली नोकरी सोडून तिकडेच निघालाय. त्याच्या आईला एकच दिलासा: 'दोन इंजिनं आहेत ना, एक बंद पडलं तर दुसरं आहे.'

काकूंना कोण सांगणार? एक इंजिन गेलं की ताकद निम्मी होते, पण वर चढण्याची क्षमता ऐंशी टक्क्यांच्या आसपास जाते. कारण निम्मी ताकद तर विमान नुसतं हवेत धरून ठेवण्यातच खर्च होते, चढायला वापरायची ती वरची शिल्लक. अमेरिकेच्या जुन्या नियमांत तर ६,००० पौंडांच्या आतल्या, कमी वेगाला उतरू शकणाऱ्या जुळ्या इंजिनवाल्यांनी एका इंजिनवर चढलंच पाहिजे अशी अटच नव्हती. किती चढतं किंवा किती खाली येतं, ते मोजून पुस्तकात लिहा, बस्स! त्यात विदर्भातला मे महिना. तापलेली हवा विरळ होते, पंख आणि इंजिन दोघंही ढेपाळतात. सर्टिफिकेटवरचा आकडा मात्र जानेवारीत आणि मे महिन्यात एकच असतो. तो कायद्याची कमाल सांगतो, आजच्या दुपारी किती झेपेल ते सांगत नाही. ते पायलटनं रोज तक्ते काढून बघायचं. वजन दहा टक्के वाढलं तर धावपट्टी साधारण वीस टक्के जास्त लागते. आणि जुहूची धावपट्टी आहे जेमतेम अकराशे मीटरची.

आलिया आठवते? भटांची नव्हे, अमेरिकेची गायिका. २५ ऑगस्ट २००१ ला बहामामधलं व्हिडिओचं शूटिंग संपवून सगळी टीम सेस्ना ४०२ मध्ये बसली. दोन इंजिनांचं छोटं विमान, आत नऊ जण आणि शूटिंगचं सामान. मर्यादेपेक्षा सुमारे ७०० पौंड, म्हणजे तीनशेहून जास्त किलो वजन, तेही मागच्या बाजूला. विमान धावपट्टीच्या पलीकडेच पडलं. कोणीही वाचलं नाही. आलिया २२ वर्षांची होती.

आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये नाशिकला मुख्यमंत्री फडणवीसांचं हेलिकॉप्टर उडाल्याउडाल्या जड झालंय म्हणून परत उतरवलं, एकाला खाली उतरवलं आणि मग पुन्हा उड्डाण केलं. लोक हसले, जोक फिरले. मला विचाराल तर त्या दिवसाचा हिरो पायलट. समोर मुख्यमंत्री बसलेले असताना 'साहेब, एक जण कमी करा' म्हणायला बॉस, जिगर लागते!

तेव्हा ऑफिसच्या ऑफसाइटला कधी कंपनीनं जुहूहून सहा सीटचं चार्टर काढलं आणि काउंटरवरच्या मुलीनं सगळ्यांसमोर वजन विचारलं, तर जिममध्ये सांगता तो आकडा सांगू नका. बहुतेक छोट्या विमानांत सगळ्या सीट भरल्या की टाकी फुल्ल करता येत नाही, म्हणजे तुम्ही लपवलेले पाच किलो इंधनाच्या हिशेबात जातात. आणि हो, लॅपटॉपची बॅगही काट्यावर ठेवा. चार्जरसकट.